श्रीफळाची चिकित्सक आवृत्ती

कॅनडातल्या वॉटर्लूच्या आमच्या मराठी मंडळाला यंदा पंचवीस वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेचा मसुदा मार्चच्या पहिल्या आठवड्यात सर्व सदस्यांना पाठवण्यात आला. त्याच्या एकतिसाव्या पानावर, 'आमच्या अविस्मरणीय सहली' या मथळ्याखाली, पुढील वाक्य आहे:

"दिनांक १८ जून २०१९ रोजी सेंट पीटर्सबर्ग या ऐतिहासिक नगरीत मंडळाच्या बावीस सदस्यांनी सहलप्रमुख श्री. चंद्रकांत खांबेटे यांच्या कुशल मार्गदर्शनाखाली शिस्तबद्धपणे प्रेक्षणीय स्थळांचा मनमुराद आस्वाद घेतला. तथापि एका विदुषी सदस्येने अनवधानाने आक्षेपार्ह वस्तू जवळ बाळगल्यामुळे तेथील जगप्रसिद्ध संग्रहालयाचा काही भाग पाहावयाचा राहून गेला."

या वाक्यात तारीख खरी आहे आणि बावीस हा आकडा खरा आहे. उरलेल्या मजकुराची जबाबदारी लेखकाच्या कल्पनाशक्तीवर टाकावी लागते. 'काही भाग राहून गेला' हे विधान घ्या. संग्रहालयाचा आम्ही पाहिलेला भाग म्हणजे प्रवेशद्वार, वॉशरूम आणि विक्रीकेंद्र. राहून गेलेला भाग म्हणजे संग्रहालय. 'शिस्तबद्धपणे' या शब्दाकडे मी नंतर येईन. 'अनवधानाने' हा शब्द दयाबुद्धीने घातलेला आहे, आणि सर्वांत अधिक संताप मला त्याचाच आला. 'आक्षेपार्ह वस्तू' म्हणजे नारळ. विदुषी सदस्या मी.

नाव छापलेले नाही, हे खरे. परंतु रक्तदाब न तपासता 'डॉक्टर' म्हणवून घेणारी मंडळात मी एकटीच असल्यामुळे, ज्याला अक्षरओळख आहे त्याला माझी ओळख पटणार. स्मरणिकेच्या पाचशे प्रती निघणार, एक प्रत सार्वजनिक ग्रंथालयात जाणार. मी आयुष्यभर इतरांच्या लेखी पुराव्यांवर जगले. शंभर वर्षांनी कोणी संशोधक तो पुरावा उघडेल आणि नोंद करील की मृणालिनी टिपणीस नावाची प्राध्यापिका नारळ घेऊन संग्रहालयात शिरू पाहत होती. हे वाक्य छापून होण्यापूर्वी रद्द व्हावे, एवढीच माझी मागणी होती. त्यासाठी मुदत होती रविवार, दुपारी दोनची सभा.

त्या दिवसाचे महत्त्व कळण्यासाठी एक गोष्ट सांगणे भाग आहे. अल्ताई पर्वतातल्या एका थडग्यात सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचा लोकरी गालिचा सापडला. त्याच्या काठावरून अठ्ठावीस घोडेस्वार चालले आहेत. काही घोड्यावर बसून, काही घोड्याशेजारून पायी. थडगे फार पूर्वीच चोरांनी फोडले होते. त्यांनी सोने नेले आणि जाताना भोक बुजवले नाही. त्या भोकातून पाणी आत गेले, गोठले, आणि गालिचा बर्फात टिकून राहिला. चोरांच्या गलथानपणाचा ज्ञानाला झालेला इतका मोठा लाभ मला दुसरा ठाऊक नाही. माझ्या प्रबंधाची चार प्रकरणे त्या गालिच्याच्या गाठींवर आहेत. एकतीस वर्षे मी तो शिकवला, आणि एकतीस वर्षे फक्त छायाचित्रांत पाहिला. दोनदा व्हिसा नाकारला गेला, तिसऱ्यांदा मीच आजारी पडले.

म्हणून मंडळाच्या बाल्टिक क्रूझमध्ये मी नाव दिले. त्या काळी जहाजावरून उतरणाऱ्या प्रवाशाला व्हिसाशिवाय रशियात पाऊल ठेवता येत असे, मात्र एका अटीवर: सकाळी मार्गदर्शकाबरोबर बाहेर पडायचे, सायंकाळी मार्गदर्शकाबरोबर परत यायचे, आणि मधल्या वेळात कळप सोडायचा नाही. कळप आत गेला तर मी आत, कळप अडला तर मी अडले. आता जहाजे त्या बंदराला लागत नाहीत. मी बहात्तर वर्षांची आहे. हिशेब सोपा आहे.

आमच्या मार्गदर्शक बाईंचे नाव झिनाइदा पेत्रोव्ना. उंच, राखाडी केसांच्या, आणि एके काळी शाळेत भूमिती शिकवलेल्या. त्यांच्या हातात काठी, काठीवर चौदा हा आकडा, आणि तोच आकडा आम्हा बावीस जणांच्या छातीवर चिकटवलेला.

"चौदा नंबर," बसमध्ये त्या इंग्रजीत म्हणाल्या, "संग्रहालयाची वेळ दीड वाजताची. एक एकतीस म्हणजे दीड नव्हे. पिशव्या तपासल्या जातील. पाणी, सरबत, कोणताही द्रव पदार्थ आत चालणार नाही. कळलं?"

"येस मॅडम!" सर्वांनी एका सुरात सांगितले. 'शिस्तबद्धपणे' या शब्दाचा उगम इथे असावा, कारण त्यानंतर तसा प्रसंग आला नाही.

माझ्या शेजारच्या आसनावर सहलप्रमुख चंद्रकांतराव होते आणि त्यांच्या मांडीवर, मेपलचे पान विणलेल्या लाल कानटोपीत गुंडाळलेला, शेवटचा नारळ होता.

शेवटचा म्हणण्याचे कारण, त्यांनी वॉटर्लूहून चार नेले होते. आमच्या मंडळात शाल-श्रीफळ दिल्याशिवाय माणसाला जाऊ देत नाहीत. मागच्या हिवाळ्यात मंडळाचे अध्यक्ष गंधार यांच्या दारातला बर्फ शोव्हल करणाऱ्या गृहस्थांचाही सत्कार झाला. त्यांनी शाल गळ्यात घातली आणि नारळ कुत्र्याला खेळायला दिला. तेव्हा क्रूझवर कोणी सुटणार नव्हते. कोपनहेगनच्या मार्गदर्शकाला एक मिळाला. टॅलिनच्या मार्गदर्शकाने तो विनयाने परत करण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्याला आभाराचे भाषण पुन्हा ऐकवण्यात आले. हेलसिंकीची मुलगी म्हणाली, "हा उघडायचा कसा?" आणि एकवीस माणसांनी तिला एकवीस पद्धती सांगितल्या. चौथा झिनाइदाबाईंसाठी, असे आम्ही सर्वजण धरून चाललो होतो.

"चंद्रकांतराव, आत द्रव आहे," मी म्हटले.

"कशात?"

"नारळात."

त्यांनी नारळ टोपीतून थोडा बाहेर काढला. चाळीस वर्षे पंप बनवणाऱ्या कारखान्यात काढलेला माणूस. द्रव म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर व्यावसायिक काळजी उमटली. "अहो, पण ते सीलबंद आहे ताई. देवानेच सील केलंय."

"ते पहारेकऱ्याला रशियनमध्ये समजावून सांगा."

हे वाक्य मी उच्चारले, हे मी येथे प्रांजळपणे नोंदवते. पुढे काय झाले ते पाहता ते उच्चारायला नको होते.

पहिला थांबा एका घोड्यावर बसलेल्या सम्राटाच्या पुतळ्यापाशी. वेळ पंधरा मिनिटे. मंडळाचा फलक उलगडला गेला, आधी उलटा, मग सुलटा. सर्वांनी पिशव्या फलकाच्या उजव्या टोकाला ढीग करून ठेवल्या आणि झिनाइदाबाईंनी छायाचित्र घेतले.

"मॅडम, वन मोर. माय फोन," चंद्रकांतरावांच्या पत्नी सुरेखाताई, त्यांच्या बहिणीने मोबाईल पुढे केला.

आता, समूहाचे छायाचित्र एकाने काढून इतरांना पाठवता येते, ही गोष्ट आमच्यातल्या चौदा सॉफ्टवेअर अभियंत्यांना ठाऊक असण्याची शक्यता नाकारता येत नाही. परंतु दुसऱ्याच्या मोबाईलवरचा आपला चेहरा हा आपला चेहरा नव्हे, असा आमचा दृढ समज आहे. माझ्याखेरीज प्रत्येकाचा मोबाईल रांगेने झिनाइदाबाईंच्या हातात गेला. एकवीस मोबाईल, एकवीस छायाचित्रे, तोच पुतळा, तीच माणसे. पुढच्या रांगेत आल्फ्रेड परेरा आइस्क्रीम खात उभे होते. मूळचे वसईचे, टोरांटोत बस दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेले, आमच्या सहलींना पाहुणे सदस्य म्हणून नेहमी येणारे. "मॅडम, घाई नको," ते म्हणत होते, "आइस्क्रीम हाय तवर मी हाय." पंधरा मिनिटांची पन्नास झाली. झिनाइदाबाईंनी एकविसावा मोबाईल परत केला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर, भूमितीच्या तासाला वर्तुळ चौकोनी काढणाऱ्या मुलाकडे पाहावे, तसा भाव होता.

तरीही एक वाजून अठ्ठावीस मिनिटांनी आम्ही संग्रहालयाच्या दारात होतो. गालिचा तळमजल्यावर होता, दारापासून साधारण दोनशे पावले. मी नकाशावर मोजली होती.

माझी पिशवी यंत्रातून गेली आणि यंत्र थांबले.

पडद्यावर दोन चौकोन दिसत होते. ते माझे संदर्भग्रंथ. त्यांच्या शेजारी एक वर्तुळ दिसत होते. वर्तुळाभोवती केस होते आणि वर्तुळाच्या आत काहीतरी हलत होते. पहारेकऱ्याने पिशवीत हात घातला आणि लाल कानटोपी बाहेर काढली. टोपीतून नारळ निघाला.

कोणी म्हणेल, पिशवी जड झाल्याचे कळले कसे नाही? त्या दोन ग्रंथांचे मिळून वजन चार किलो होते. नारळ विद्वत्तेत मिसळून गेला.

मिश्या असलेला एक अधिकारी आला. मी रशियन शिकले ती एकोणिसाव्या शतकातल्या दफ्तरांवरून, त्यामुळे मी त्यांना जे सांगितले त्याचे प्रामाणिक भाषांतर असे होईल: "कृपावंत महोदय, आपल्या चरणी नम्र निवेदन की सदर फळ माझे नव्हे."

अधिकारी एक पाऊल मागे सरकले. "मग कोणाचं?"

"ते मज ज्ञात नाही."

"पण पिशवी तुमची?"

"पिशवी माझी."

"फळाचा उपयोग काय?"

"सन्मान करण्यासाठी."

"कोणाचा?"

मी झिनाइदाबाईंकडे पाहिले. त्यांनी प्रथम नारळाकडे, मग माझ्याकडे पाहिले आणि स्पष्टपणे मान हलवून नकार दिला.

कुत्रा आणण्यात आला. त्याने नारळ हुंगला आणि तो खाली बसला. बसणे ही धोक्याची खूण की केवळ थकवा, यावरून दोन पहारेकऱ्यांत मतभेद झाला. नारळ कानाशी नेऊन हलवण्यात आला. तीन प्रतींत एक अर्ज निघाला. मागे आमचा कळप दारात अडकला होता, कारण चौदा नंबर एकत्रच आत जाऊ शकत होता.

"ताई, असू द्या हो," चंद्रकांतराव सर्वांना ऐकू जाईल अशा मायाळू आवाजात म्हणाले. "सांभाळायला म्हणून ठेवला असेल तुम्ही. विसरला असाल. वय झालं की होतं असं."

"मी ठेवलेला नाही."

"नाही ना? मग नाही. आम्ही कुठं काय म्हणतोय?" आणि त्यांनी इतरांकडे वळून डोळे असे मिटून उघडले की वीस जणांनी सहानुभूतीने मान डोलावली. माझ्या विस्मरणाची कीर्ती त्या डोळ्यांच्या उघडझापीतून जन्मली. आजही वार्षिक सभेत मला माझा कोट शोधून दिला जातो, तो मी घातलेला असला तरी.

अर्जात 'आतील द्रव्य' असा रकाना होता आणि तो भरल्याशिवाय सुटका नव्हती. नारळ अंगणात नेला. बसचालकाने पाना दिला. एका हाताने नारळ पेलत आल्फ्रेड यांनी एकच घाव घातला आणि दोन वाट्या सुट्या झाल्या. आत मोदकाएवढा पांढराशुभ्र कोंब होता.

"अगंबाई, फूल निघालं!" सुरेखाताई ओरडल्या. "केवढा शुभशकुन!"

अधिकाऱ्याने रकान्यात लिहिले: 'फूल.' मग वीस जणांनी आपापल्या मोबाईलवर फुलाचे छायाचित्र घेतले. खोबरे वाटण्यात आले. कुत्र्यालाही मिळाले.

तोवर तीन वाजले होते. आमची वेळ गेली होती आणि साडेचारला बंदरावर पोहोचायचे होते. झिनाइदाबाईंनी आम्हाला वॉशरूम आणि विक्रीकेंद्र दाखवले. तिथे गालिचा होता, संगणकाच्या माऊसखाली ठेवायच्या चटईवर. अठ्ठावीसपैकी सतरा घोडेस्वार मला मोजता आले. बाकीचे काठाच्या शिवणीत गेले होते. परतताना झिनाइदाबाईंना शाल आणि खोबऱ्याची अर्धी वाटी देण्यात आली. त्यांनी ती जवळजवळ प्रेमाने घेतली, कारण आम्ही जात होतो.

हा झाला 'मनमुराद आस्वाद'.

तो नारळ माझ्या पिशवीत आला कसा, हा प्रश्न मी सहा वर्षे बाळगला. टोपीवरून काही सिद्ध होत नव्हते. मंडळाने बावीसही जणांना तशीच टोपी दिली होती. चंद्रकांतरावांना मी दोनदा विचारले. दोन्ही वेळा त्यांनी मला बदाम भिजवून खाण्याचा सल्ला दिला.

पुरावा हाती लागला तो या जानेवारीत, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. सुरेखाताई मोबाईल दाखवत तक्रार करत होत्या. "सगळ्यांच्या फोटोत हे आहेत. माझ्याच फोटोत नाहीत. काय म्हणावं! एवढे वन मोर, वन मोर केले त्या बाईंनी, आणि माझ्या वेळेला हे कुठं गेले कोण जाणे. म्हणून मी तो कोणाला पाठवलाच नाही."

"कोणता फोटो?" मी तिळगूळ खाली ठेवून विचारले.

"तो नाही का, घोड्यावरचा राजा."

त्या क्षणी मला माझा व्यवसाय आठवला. एकाच मजकुराच्या एकवीस प्रती उपलब्ध आहेत, त्यांपैकी एकीत पाठभेद आहे. अशा वेळी काय करावे हे मी तीन पिढ्यांना शिकवले होते. फेब्रुवारीभर मी छायाचित्रे गोळा केली. मोबाईलवरून मोबाईलवर फिरलेल्या छायाचित्राला जन्मवेळ उरत नाही. तेव्हा क्रम लावायचा कसा? आल्फ्रेड यांच्या आइस्क्रीमवरून. पहिल्या प्रतीत ते संपूर्ण आहे, एकविसाव्या प्रतीत फक्त काडी आहे, आणि आल्फ्रेड सावकाश खाणारे गृहस्थ आहेत. मी पट्टीने मोजून एकवीस प्रती क्रमाने लावल्या. सुरेखाताईंची प्रत तेरावी निघाली.

रविवारची सभा गंधारच्या बेसमेंटमध्ये भरली. जिन्यावर बूट, कोपऱ्यात पॉटलकसाठी प्रत्येकाने घरून आणलेले डबे, भिंतीवर मोठा टीव्ही. मी सर्वांत आधी गेले होते.

"काकू, टेक्निकली हे अजेंडावर नाहीये," गंधार म्हणाला. तो चाळिशीचा, नागपूरचा, सर्वांना खूश ठेवण्याच्या आजाराने ग्रासलेला. "एक वाक्य तर आहे. आपण मूव्ह ऑन करूया ना? प्रिंटरला फाइल आजच द्यायचीये."

"वाक्य खरे असेल तर मी स्वतः जाऊन फाइल देईन," मी म्हटले. "खोटे असेल तर काढायचे. मान्य?"

"हो, म्हणजे, ऑब्व्हियसली."

"चंद्रकांतराव, तुम्हाला मान्य?"

"खुशाल काढा हो," ते ढोकळ्याच्या डब्याशेजारून म्हणाले. "पण खोटं काय आहे त्यात? अनवधानाने असं लिहिलंय मी. मुद्दाम असं कुठं लिहिलंय?"

मी टीव्हीवर बारावी प्रत लावली.

"कृपया तीन गोष्टी पाहा. आल्फ्रेड यांचे आइस्क्रीम निम्म्याला एक घास कमी. चंद्रकांतरावांच्या डाव्या काखेत लाल टोपी, फुगलेली. उजवीकडे पिशव्यांचा ढीग, त्यात सर्वांत वर माझी तपकिरी पिशवी, दोन पुस्तकांमुळे चौकोनी."

"माझी आइस्क्रीम पिस्त्याची होती," आल्फ्रेड म्हणाले. ते यासाठी मुद्दाम टोरांटोहून आले होते. "लई झकास. तसली परत नाय मिळाली."

"आता चौदावी. आइस्क्रीम निम्म्याला दोन घास कमी. चंद्रकांतरावांची काख रिकामी. माझ्या पिशवीच्या डाव्या बाजूला गोलाई."



"फोटोचा अँगल असतो ताई," चंद्रकांतराव म्हणाले. "पॅरॅलॅक्स. मी इंजिनिअर आहे."

"पॅरॅलॅक्सने काखेतली वस्तू पिशवीत जात नाही. आता तेरावी, सुरेखाताईंच्या मोबाईलवरची. माणसे मोजा. एकवीस. आता खाली उजव्या कोपऱ्यात पाहा, पिशव्यांच्या मागे. एक पांढरा स्पोर्ट्स शूज आणि त्याच्या वर खाकी पँटचा वाकलेला भाग."

सर्वांची नजर एकाच वेळी चंद्रकांतरावांच्या पायांकडे गेली. तेथे मोजे होते. बूट जिन्यावर होते. आल्फ्रेड उठले, जिन्याकडे गेले आणि एक पांढरा स्पोर्ट्स शूज हातात घेऊन परतले. "हा बघा. सेम. सहा वर्सं टिकलाय. कंपनी चांगली हाय."

परंतु चंद्रकांतराव माझ्याकडेही पाहत नव्हते आणि बुटाकडेही नाही. सुरेखाताई खुर्चीवरून उठल्या होत्या.

"अहो," त्या म्हणाल्या. आवाज अगदी हळू होता. "म्हणजे माझ्या फोटोत तुम्ही नाही, ते नारळापायी?"

"सुरेखा, आधी ऐक तर—"

"सहा वर्षं मी फ्रेम विकत आणून ठेवलीय. रिकामी. तुम्ही म्हणालात, त्या बाईंनी कॅमेरा हलवला. मी त्या बिचारीला सहा वर्षं नावं ठेवली!"

"हलवलाच असेल थोडा."

"आणि ताईंना बदाम खा म्हणून सांगत होतात! मला म्हणालात, त्यांच्यासमोर किल्ल्या ठेवू नकोस, कुठंतरी टाकतील. पॉटलकला मी माझ्या डब्यावर त्यांच्यासाठी चिठ्ठी लावते हो, 'हा डबा तुमचा नाही' अशी!"

ती चिठ्ठी मी पाहिली होती. ती कोणासाठी आहे, हे मला आजवर कळले नव्हते.

"काका," गंधार कसनुसा हसत म्हणाला, "तुम्हाला काही, म्हणजे, क्लॅरिफाय करायचंय का? नाहीतर आपण टी ब्रेक घेऊ."

"ब्रेक नाही," सुरेखाताई म्हणाल्या. "बोला."

चंद्रकांतरावांनी हातातली ढोकळ्याची बशी खाली ठेवली. ते पंचाहत्तरीचे आहेत आणि उभे राहून बोलल्याशिवाय त्यांना बोलल्यासारखे वाटत नाही. ते उभे राहिले. त्यांनी सवयीने 'आदरणीय अध्यक्ष' असे म्हटले, सुरेखाताईंकडे पाहिले आणि ते दोन शब्द मागे घेतले.

त्यानंतर ते जे बोलले ते मी, टिपणीस या आडनावाला जागून, शब्दशः टिपून घेतले. सभेने ते एकमताने मान्य केले. विरुद्ध मत द्यायला चंद्रकांतरावांनी हात वर केला होता, तो सुरेखाताईंनी खाली केला. एकतिसाव्या पानावरचे वाक्य रद्द झाले आहे. त्याच्या जागी काय छापायचे, यावर गंधारने मला सौम्य शब्द सुचवायला सांगितले. मी सांगितले की मी इतिहासाची विद्यार्थिनी आहे. मूळ साधन उपलब्ध असताना मी शब्द सुचवत नाही. फाइल त्याच दुपारी छपाईला गेली. पाचशे प्रतींत, ग्रंथालयातल्या प्रतीसह, आता पुढील मजकूर असेल. त्यात मी एक अक्षर बदललेले नाही:

"हो, मीच टाकला. ताईंच्या पिशवीत मीच टाकला नारळ. त्याच म्हणाल्या ना बसमध्ये, पहारेकऱ्याला रशियनमध्ये समजावून सांगा म्हणून? मला कुठं येतं रशियन? मग ज्याला भाषा येते त्याच्याच पिशवीत तो असलेला बरा, असा साधा विचार केला मी. माझ्या पिशवीत सापडला असता तर मी काय बोललो असतो, दसविदानिया, पुन्हा भेटू? आणि वर लगेच कबूल का नाही केलं म्हणाल, तर सरप्राइज होतं. तो नारळ त्या गाईडबाईंचा नव्हताच, ताईंचाच होता. एकतीस वर्षं बाई एका गालिच्यावर शिकवतायत, तर तिथं, त्या गालिच्यापाशीच त्यांचा सत्कार करायचा, असं मी वॉटर्लूहूनच ठरवून निघालो होतो. सोळा ओळींचं मानपत्रही होतं खिशात, सुरेखालाही माहीत नाही. नंतर नारळच फुटला, मग कसला सत्कार आणि कसलं काय. मग वाटलं, आता सांगून उगाच ताईंना वाईट वाटेल, त्यापेक्षा विसरल्या म्हटलेलं बरं. चुकलंच माझं. पण सत्काराची जागा मी अगदी विचार करून निवडली होती हो. मला वाटलं, गालिचा आहे म्हणजे खाली अंथरलेला असेल, दोन खुर्च्या टाकू त्याच्यावर, आणि समोर समई लावू."